दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर दुकान बंद? ऑनलाइन सेलर लोकांनी संपात उतरावं का

टेरीटॉवेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं फक्त वाचत आलोय, पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे. घरचे चार माग होते, आता दोन चालू आहेत. आधी सगळा माल चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांना जायचा, लॉकडाऊननंतर मी चादरी आणि टॉवेल एका मोठ्या ॲपवर विकायला सुरुवात केली. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण माझं अकाउंट अजून तिथंच आहे आणि आज माझा साठ टक्के धंदा त्यावर आहे. पहिली दोन वर्षं खरंच चांगली गेली, ऑर्डरी गुवाहाटीपासून कोचीपर्यंत गेल्या, ते मी नाकारत नाही.

आता हिशोब बघा. चादर 650 ला विकली. कमिशन 78, फिक्स्ड फी 30, शिपिंग 92, झाले 200. त्यावर 18 टक्के जीएसटी 36. हातात 414. चादर मला पॅकिंगसकट 340 ला पडते. राहिले 74. आणि मागच्या महिन्यापासून नवीन पॉलिसी आलीय की गिऱ्हाइकाचं नुसतं मन बदललं तरी परतीचं भाडं सेलरच्या माथी, 150 अधिक जीएसटी 27 म्हणजे 177. एक चादर परत आली की अडीच चादरींची कमाई गेली. वर परत येते ती कशी, तर गेल्या आठवड्यात एक आली ती धुतलेली होती आणि कोपऱ्याला हळदीचा डाग, लग्नघरात वापरून झाल्यावर पाठवलेली. क्लेम टाकला, फोटो टाकले, दोन दिवसांनी उत्तर आलं की फोटो स्पष्ट नाहीत, क्लेम रिजेक्ट. परत तिकीट टाकलं तर तेच वाक्य पुन्हा आलं. बोलायला माणूस नाहीच.

आणि वजन. माझ्या काट्यावर पाकीट 1 किलो 100 ग्रॅम, त्यांच्या मशीनवर 1 किलो 680. दर वेळी वरचा स्लॅब, म्हणजे शिपिंगचा जास्त दर.

तर आमच्या सेलर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी मिळून 240 जण) असं चाललंय की दिवाळीच्या सेलच्या आधी सात दिवस सगळ्यांनी अकाउंट हॉलिडे मोडवर टाकायचं, म्हणजे ॲपवरचं दुकान तात्पुरतं बंद. माझ्या घरात यावर दोन तट पडलेत. वडील म्हणतात उतर, बायको म्हणते दिवाळीचा माल आधीच विणून पडलाय, हप्ता कोण भरणार. दोघांचंही बरोबर वाटतं. कुणाला अनुभव असेल, माहिती असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

हिशोबनीस

दादा, आधी आकड्यांतली एक गोष्ट. त्या 36 रुपयांचं आणि 27 रुपयांचं इनपुट क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वळता होतो, ते खर्चात धरू नका असं सीए सांगेल. पण तुमच्या बाबतीत गोम अशी आहे की चादरीवर तुम्ही 5 टक्के गोळा करता आणि ॲपच्या सेवांवर 18 टक्के भरता. एका चादरीमागे तुमचा आउटपुट टॅक्स (विक्रीवरचा) 31 च्या आसपास आणि नुसत्या ॲपच्या फीचा इनपुटच 36, सुताचा वेगळाच. म्हणजे क्रेडिट लेजरमध्ये साठत राहतं. इन्व्हर्टेड ड्युटीचा, म्हणजे विक्रीपेक्षा खरेदीवर कराचा दर जास्त असतो त्याचा, रिफंड मालावरच्या टॅक्सचा मिळतो, सेवांवरच्या टॅक्सचा नाही, यावर सुप्रीम कोर्टाचा 2021 चा निकाल आहे. त्यामुळे पोर्टलवर पैसे दिसतात पण वापरता येत नाहीत. तुमचा हिशोब कागदावर चूक असला तरी खिशाच्या दृष्टीनं जवळजवळ बरोबर आहे.

टीसीएस (ॲप तुमच्या विक्रीतून कापून सरकारकडे भरतं तो कर) कापलेला मात्र दर महिन्याला बघून क्लेम करा, जुलै 2024 पासून तो अर्धा टक्का आहे, बरेच जण विसरतात.

पाकीटपट्टी

वजनाचं मला कळलं बहुतेक. ते व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे पाकिटाच्या आकारावरून काढलेलं वजन, लावतायत. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. तुमची पिशवी 40 बाय 30 बाय 7 असणार, करून बघा, बरोबर 1.68 येतं. चादर घट्ट घडी करून हवा काढून 5 सेंटिमीटरवर आणली तर 1.2. मी बेडशीटला हेच केलं, मशीन नाही घेतलं, दोन फळ्यांमध्ये दाबून टेप मारतो. एवढ्यानं एक स्लॅब खाली येतो.

टेरीटॉवेल

पाकीटपट्टी, आत्ता मोजून आलो, 41 बाय 30 बाय 7. दीड वर्षं मी भांडतोय त्यांच्याशी आणि त्यांनी एकदाही हे सांगितलं नाही, नुसतं "वजन योग्य आहे". तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

यारनामा

हे सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा राहिला. घडी घट्ट करून अन्याय कमी होत नाही. मी इचलकरंजीचा, त्याच ग्रुपमध्ये आहे, हॉलिडे मोडचा विचार मांडणाऱ्यांपैकी एक. आपण माल घालतो म्हणून गिऱ्हाईक त्या ॲपवर येतं. उद्या आपण नाही तर त्यांच्याकडे विकायला आहे काय? एकदा तरी ताकद दाखवायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी कमिशन आणखी वाढणार हे लिहून ठेवा.

यारामाई

मी मेलबर्नला असते. तुमचा धागा वाचून 2008 साल आठवलं, तेव्हा मी इथं शिकायला होते आणि ईबे या ऑनलाइन बाजारावरून जुनी पुस्तकं, सायकल, असलं सगळं सेकंडहँड घ्यायचे.

त्या वर्षी ईबेवर एकाच वेळी दोन भांडणं झाली आणि दोन्हींचा शेवट वेगळा झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं अमेरिकेतलं. जानेवारी 2008 च्या शेवटी ईबेनं जाहीर केलं की माल लावायची फी कमी करतो पण विकला गेल्यावरची फी वाढवतो. पहिल्या 25 डॉलरवर 5.25 टक्के होती ती 8.75 केली. आणि त्याहून झोंबलेली गोष्ट म्हणजे मे महिन्यापासून विक्रेत्यानं खरेदीदाराला वाईट शेरा द्यायचाच नाही, खरेदीदार मात्र विक्रेत्याला देऊ शकतो. छोट्या विक्रेत्यांनी 18 ते 25 फेब्रुवारी असा आठवडाभर बहिष्कार टाकला. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. यादीतला माल किती घटला यावर तेव्हाही वाद होता, कंपनी म्हणाली आम्हाला काही फरक जाणवला नाही. फी तशीच राहिली, शेऱ्यांचा नियमही मे मध्ये लागू झाला.

दुसरं इथलं, ऑस्ट्रेलियातलं. एप्रिलमध्ये ईबे ऑस्ट्रेलियानं सांगितलं की 21 मे पासून प्रत्येक विक्रेत्यानं पेपालचा (ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा) पर्याय ठेवायचाच, आणि 17 जूनपासून पैसे फक्त पेपालनं, नाहीतर घरी येऊन वस्तू घेताना रोख. पेपाल तेव्हा ईबेच्याच मालकीची, 2002 मध्ये विकत घेतलेली. इथं लोक सर्रास थेट बँक खात्यात पैसे टाकायचे, त्याला जवळपास काही खर्च नव्हता. म्हणजे दुकानाचं भाडंही त्यांना आणि गल्ल्याचं भाडंही त्यांनाच. कारण काय दिलं, तर फसवणूक कमी होईल, गिऱ्हाईक सुरक्षित राहील.

पण इथल्या कायद्यात एक गोष्ट होती. आमच्याकडून घ्यायचं तर त्या तिसऱ्याची सेवाही घ्यावीच लागेल, अशी अट घालायची तर कंपनीला आधी स्पर्धा आयोगाकडे, एसीसीसी म्हणतात त्याला, रीतसर कळवून संरक्षण घ्यावं लागतं, आणि आयोग लोकांची मतं मागवतो. शेकडो पत्रं गेली. बँकांची गेली, पण बहुतेक साध्या माणसांची, कुणी निवृत्त शिक्षक टपाल तिकिटं विकणारा, कुणी बाळाचे कपडे विकणारी आई. आयोगाच्या साइटवर ती जाहीर लावलेली होती, मी रात्र रात्र वाचत बसायचे. 12 जूनला आयोगानं मसुदा काढला की हे संरक्षण काढून घ्यायचा आमचा विचार आहे, यानं स्पर्धा कमी होईल. ईबेनं आधी तारीख 15 जुलैवर ढकलली आणि 3 जुलैला "फक्त पेपाल" सोडून दिलं. पेपालचा पर्याय ठेवायची सक्ती मात्र ठेवली, तेव्हा पूर्ण विजय नव्हता. तरी बँक ट्रान्सफर वाचलं.

दोन्हीकडे राग सारखाच होता हो. फरक एवढाच की अमेरिकेतल्यांनी कंपनीला दुकान बंद करून दाखवलं आणि इथल्यांनी ज्याच्याकडे कंपनीला अडवायचा अधिकार होता त्याला लिहिलं.

यारनामा

ताई, माहिती छान दिलीत. पण तिथं कंपनी स्वतः आयोगाच्या दारात गेली होती परवानगी मागायला. आपल्याकडे कोण जातंय? आपल्यालाच जावं लागतं, वकील लावून.

हिशोबनीस

हे खरंय. आपल्याकडच्या तारखा बघा. ऑनलाइन विक्रेत्यांच्या संघटनेनं, एआयओव्हीए, फ्लिपकार्टविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. नोव्हेंबर 2018 मध्ये आयोगानं ती बंद केली. संघटना अपिलात गेली आणि मार्च 2020 मध्ये एनसीएलएटीनं, म्हणजे अपील लवादानं, आयोगाचा आदेश फिरवला, चौकशी करा म्हणाले. दुसरी, दिल्लीच्या व्यापाऱ्यांची ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टविरुद्धची. जानेवारी 2020 मध्ये चौकशीचा आदेश, फेब्रुवारीत कर्नाटक हायकोर्टाची स्थगिती, जून 2021 मध्ये ती उठली, चौकशीचा अहवाल आला 2024 मध्ये. साडेचार वर्षं. तेवढ्यात छोटा माणूस दोनदा बुडतो आणि एकदा वर येतो.

तरी मी म्हणेन की या तक्रारी झाल्या म्हणून चौकशी तरी झाली. संप करून आपल्याकडे कुठला नियम बदललाय ते मला कुणी सांगा.

मिसळकट्टा

मी सांगतो. ऑगस्ट 2019, रेस्टॉरंटवाल्यांचं लॉगआउट. मी पुण्यात तेव्हा एका हॉटेलात मॅनेजर होतो. एकावर एक फुकट वाल्या मेंबरशिपमुळे सगळे वैतागले होते, झोमॅटो गोल्ड, आणखी तीन-चार ॲप होती. गुरुग्रामपासून सुरू झालं, दोन-तीन दिवसांत मुंबई-पुण्यापर्यंत आलं, शेकडो हॉटेलं बाहेर पडली. आणि झोमॅटोच्या प्रमुखानं आमच्या चुका झाल्या असं जाहीर लिहिलं, गोल्डचे नियम बदलले. तेव्हा संपानं काहीच होत नाही असं नाही.

पण आमचं एक होतं, ते प्रामाणिकपणे सांगतो. लॉगआउट केलं तरी आमचं दार उघडं होतं. लोक रस्त्यावरून आत येऊन बसत होते, पूर्ण बिल भरत होते. त्याच हॉटेलवाल्यांची होम डिलिव्हरीवर मात्र इतकी हिंमत झाली नाही कारण तिथं दार ॲपच्याच हातात. त्यासाठी मग रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेला, एनआरएआयला, 2021 मध्ये स्पर्धा आयोगाकडेच जावं लागलं आणि एप्रिल 2022 ला झोमॅटो-स्विगीच्या चौकशीचा आदेश निघाला. धागाकर्त्यांनी हे आधी बघावं की हॉलिडे मोड टाकल्यावर त्यांचं दुसरं दार किती उघडं आहे.

क्रोशासुई

न्यू जर्सीतून लिहितेय. एट्सीच्या (हातानं बनवलेल्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार) संपात मी होते, पण गिऱ्हाईक म्हणून, म्हणजे त्या आठवड्यात तिथून काही घ्यायचं नाही असं विक्रेत्यांनी आवाहन केलं होतं ते मी आणि माझ्या मैत्रिणींनी पाळलं. एप्रिल 2022, 11 ते 18. एट्सीनं विक्रीवरची फी 5 वरून साडेसहा टक्के केली, ती लागू व्हायची तारीखच 11 एप्रिल, तोच मुहूर्त धरला. 2018 पर्यंत ती साडेतीन होती, म्हणजे चार वर्षांत जवळपास दुप्पट. त्याशिवाय बाहेरच्या जाहिराती: वर्षाला 10,000 डॉलरच्या वर विक्री गेली की त्या जाहिरातींतून बाहेर पडताच येत नाही, त्यातून आलेल्या विक्रीवर 12 टक्के कापतात. स्वतः विणून, स्वतः कोरून विकणाऱ्यांची जागा म्हणून जी सुरू झाली तिथं हळूहळू कारखान्याचा माल शिरला, हे त्यांचं मोठं दुःख होतं, फीपेक्षाही. विनंतीपत्रावर हजारो सह्या होत्या.

फी कमी झाली नाही. आजही साडेसहाच आहे. पण त्या आठवड्यातून विक्रेत्यांची एक संघटना उभी राहिली, इंडी सेलर्स गिल्ड. आधी सगळे एकेकटे होते, कुणाचं दुकान बंद पडलं तर दुसऱ्याला पत्ता नसायचा. मला वाटतं हे कमी नाही.

यारनामा, तुमचा राग मला पटतो. फक्त त्या संपात मी एक पाहिलं, ज्यांचं घर त्याच दुकानावर चालत होतं त्या बायका मनातून बाजूनं असूनही उतरू शकल्या नाहीत, आणि काहींनी त्यांना फितूर म्हटलं. ते तुमच्या ग्रुपमध्ये होऊ देऊ नका.

पोटमाळा

मी लालबागचा. संप हा शब्द वाचला की आमच्या घरात अजून सगळे गप्प होतात. 18 जानेवारी 1982, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार, वडील त्यातले एक, साचा खात्यात होते. मागण्या योग्य होत्या हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो. पण संप कधी संपला हे कुणी सांगूच शकत नाही कारण तो मागे घेतलाच नाही. मालकांकडं माल पडून होता, मागांचं कापड भिवंडीहून येत होतं, मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या म्हणून बाजारात कापड कमी पडलं नाही. वडील 84 साली वॉचमन म्हणून लागले.

तुम्हा यंत्रमागवाल्यांना मी दोष देत नाही, आपापल्या पोटाचा प्रश्न होता. पण आज तुमच्या जागी सुरत आणि पानिपत आहे. तुम्ही सात दिवस गेलात तर चादर शोधणाऱ्याला पानिपतची दिसेल, आणि आठव्या दिवशी तुमचं लिस्टिंग कुठल्या पानावर असेल? सात दिवस ठरवलेत ते बरं केलंत, निदान शेवटची तारीख तरी आहे.

यारनामा

पोटमाळा दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून थांबलो. माझे आजोबा तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी जादा पाळी चालवायचे. घरात ते वर्ष "चांगलं वर्ष" म्हणून सांगतात. आज पहिल्यांदा दुसरी बाजू ऐकली.

पानिपतचं बरोबर आहे. ग्रुपमध्ये 240 जण, त्यातले सध्या हो म्हणालेत 90. चादर-टॉवेलमध्ये त्या ॲपवर हजारो सेलर असतील.

मिसळकट्टा

एमएसएमई समाधानवर, छोट्या उद्योगांच्या अडकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर, तक्रार करता येते ना? 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे.

हिशोबनीस

तो खरेदीदारावर आहे. ॲप म्हणतं आम्ही खरेदीदार नाही, आम्ही फक्त बाजार भरवतो, खरेदीदार तो कोचीचा माणूस. तिथं अडतं.

ई-कॉमर्सचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात ग्राहकाच्या तक्रारीला 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल असं आहे, पण ते ग्राहकासाठी, सेलरच्या तक्रारीला तसं बंधन नाही. एक मात्र त्यात कामाचं आहे: एकाच प्रकारच्या सेलरमध्ये ॲप कुणाला वेगळी वागणूक देत असेल तर ते अटींमध्ये लिहिणं बंधनकारक आहे. तुमच्या अटी डाउनलोड करून वाचा आणि प्रत्येक वेळी बदलल्या की तारखेसकट जुनी प्रत ठेवा, कारण नवी आली की जुनी साइटवरून जाते.

आणि यारामाई म्हणतायत तसं, एका माणसाचा हळदीचा डाग ही तक्रार झाली, पण 90 जणांच्या सहा-सहा महिन्यांच्या सेटलमेंट शीट (ॲपनं किती कापून किती दिले त्याचा हिशोब) एका नमुन्यात मांडल्या तर तो पुरावा होतो. आयोगापुढे जायचं की खासदाराकडे की पेपरात, ते नंतर ठरवता येईल, पण ते नसेल तर कुठंच काही बोलता येणार नाही. मी तीस वर्षं हिशोब लिहितोय, नमुना मी करून देतो, पैसे नकोत.

यारामाई

अवांतर आहे पण सांगते. ईबेनं भारतात पाय ठेवला तो 2004 मध्ये मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेऊन. माझा भाऊ ठाण्याहून त्यावर जुनी नाणी विकायचा, त्याचे शंभरावर चांगले शेरे होते, त्याचा त्याला केवढा अभिमान. 2017 मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये साइटच बंद झाली. त्याचे सगळे शेरे गेले, नेहमीची गिऱ्हाइकं गेली, कारण त्यातल्या एकाचाही फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. मिसळकट्टा दुसऱ्या दाराचं म्हणाले त्यावरून आठवलं.

टेरीटॉवेल

सगळं दोनदा वाचलं, बायकोला आणि वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पोटमाळा दादांचं वाचताना वडील उठून बाहेर गेले, सोलापुरातल्या गिरण्याही त्यांनी बंद पडताना बघितल्यात.

काल रात्री ग्रुपवर बोललो, यारनामाही होते. हॉलिडे मोड दिवाळीआधी नाही, असं 90 पैकी बहुतेकांनी मानलं, काही जण नाराज आहेत आणि त्यांचं मला वाईट वाटतं, त्यांच्यामुळेच हा विषय निघाला. ठरलंय ते असं: एप्रिल ते सप्टेंबरच्या सेटलमेंट शीट, रिजेक्ट झालेल्या क्लेमचे स्क्रीनशॉट आणि जुन्या-नव्या अटींच्या प्रती, सगळं रविवारपर्यंत हिशोबनीस काकांच्या नमुन्यात. ज्याला उघडपणे नाव द्यायची भीती वाटते त्यानं नाव झाकून द्यावं, त्याला कुणी काही बोलणार नाही, क्रोशासुई ताईंचं ते मी ग्रुपवर तसंच्या तसं टाकलंय. आणि प्रत्येक पाकिटात दुकानाच्या पत्त्याचं कार्ड टाकायचं का यावर वाद चालू आहे, ॲपच्या अटीत बसतं का ते बघतोय.

घडी 5 सेंटिमीटरवर आणली. आज सकाळी बारा पाकिटं गेली, वजन काय लावतात बघू.

पाकीटपट्टी

फळी मोठी घ्या, कडा उचलतात नाहीतर. आणि टेप मारायच्या आधी पट्टी धरून फोटो काढा, उंची दिसेल असा. वादात तोच लागतो.

यारनामा

काका, नमुना मिळाला. माझ्या पाच शीट भरल्या, जूनची डाउनलोड होत नाहीये, पॅनलवर "डेटा उपलब्ध नाही" येतंय. अजून कुणाला जूनचं असं होतंय का?

हिशोबनीस

तुम्ही चौथे. जूनच्या स्क्रीनचा तारीख-वेळेसकट फोटो काढून तोच शीटच्या जागी लावा. आणि बाकीच्यांनी आजच सगळे महिने उतरवून घ्या, रविवारची वाट बघू नका.